तांब्याच्या डाखातली चीर

चाचणीत बॉयलरचा तो पत्र्यांचा हीट एक्स्चेंजर एक लाख एकतीस हजाराव्या दाबाला गळायला लागला. दर सहा सेकंदांनी आत गरम पाण्याचा दाब चढायचा नि उतरायचा. असे दोन लाख दाब त्याने सोसायला हवे होते. मिलोय्काने तो कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कोपऱ्यात पत्रे जोडणारा तांब्याचा डाख पातळ बसला होता, तिथून केसाएवढी चीर आत गेली होती. चाचणीघरात बावीस वर्षं काढलेल्या तिला ठाऊक होतं, डाख एका दणक्यात तुटत नाही, थकत थकत तुटतो.

विभागप्रमुख रायमुंद म्हणाला, "पाच नमुन्यांतला एकच ना? मग हिशेबात धरू नका तो."

"बाकीचे चार जुन्या भट्टीतले आहेत, साहेब. नव्या भट्टीतला हाच एक, आणि जाणारा माल सगळा तिथलाच."

"बाई, माल सोमवारी निघायचाय."

"निघू दे. चाचणीच्या दाखल्यावर माझी सही मिळणार नाही."

सही विन्कोने केली. वीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसणारा, तिच्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा दिलेला विन्को. "निवृत्तीला दोन वर्षं उरलीत गं," एवढंच म्हणाला. मिलोय्काने कापलेला नमुना कपाटात ठेवला आणि वर कुणाला कळवलं नाही. आपण सही केली नाही, आपण सुटलो, असं तिला वाटलं.

जानेवारीत डोंगरापलीकडच्या एका वृद्धाश्रमात त्याच मालातल्या एका एक्स्चेंजरचा डाख उकलला. उकळत्या पाण्याच्या फवाऱ्यात बॉयलर सांभाळणारा येर्नेय भाजला आणि चौथ्या दिवशी गेला.

त्या रविवारी विन्को तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. कॉफीला हात लावला नाही.

"तो कापलेला नमुना फेकलास ना?"

"नाही."

"मला नातवंडं आहेत गं, मिलोय्का."

"त्याला दोन मुली होत्या."

विन्कोने टोपी घातली आणि जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी तिने नमुना तपास अधिकारी बाईंपुढे ठेवला. त्यांनी विचारलं, "तेव्हाच का नाही बोललात?"

"मी सही केली नव्हती," ती म्हणाली, आणि ते तिचं तिलाच तोकडं वाटलं.

विन्कोला दीड वर्षाची शिक्षा झाली. रायमुंदचा खटला वकिलांनी लांबवला, तो अजून चालूच आहे.

मिलोय्का महिन्यातून एकदा तुरुंगात जाते. पहिल्या तीन खेपांना विन्को भेटीला आलाच नाही. चौथ्या खेपेला आला, समोर बसला. वेळ संपेपर्यंत तो उठला नाही.