चौदा पावलं

सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर एका सकाळी एक उंच गडी माझ्या सांगलीच्या घराच्या दारात येऊन खाडकन पाय जुळवून उभा राहिला. मी दाढी करत होतो. दचकलो आणि गाल कापून घेतला. त्यामुळे पहिल्या दिवसापासूनच माझा त्याच्यावर राग होता.

"मास्तर, मी हवालदार जोतिबा, आटपाडीकडचा. इतिहास-भूगोलात नापास हाय."

नापास झाल्याचं इतक्या ताठ मानेनं सांगणारा माणूस सव्वीस वर्षांच्या मास्तरकीत मी पाहिला नव्हता. आत बसवून विचारपूस केली. पठ्ठ्या लढाईत इजिप्त आणि इटली फिरून आला होता. तो परत येईपर्यंत त्याच्या वाडीनं अंगमेहनतीनं शाळेची एक खोली बांधून ठेवली होती, पण मास्तर मिळेना. मराठी सातवीची फायनल पास झालेला माणूस दाखवा, मग शाळा मंजूर करू, असं वरून कळलं होतं. वाडीत मराठी सहावीपर्यंत शिकलेला हा एकटाच. लढाईवरून आलेल्यांना बाहेरून परीक्षेला बसायची सवलत होती, तीही येत्या एप्रिलपर्यंतच. बाकीचे विषय सुटले होते, एवढा एकच राहिला होता.

"जग फिरून आलास आणि भूगोलात अडलास? लिहिलंस तरी काय?"

"वाळवंटाची माहिती इचारली हुती. चार पानं माश्यांवर लिवली. तितं मुख्य म्हंजे माश्याच, मास्तर. मग इटलीतल्या लोकांचा मुख्य धंदा कंचा, असं हुतं. आमी हुतो तवा कुणाचाच धंदा चालत न्हवता. तसंच लिवलं."

मी हसलो नाही. आत माझी बायको राजमती हसली, ते मात्र दोघांनाही ऐकू आलं.

मी त्याला तिथल्या तिथे खंडोबाची आण घ्यायला लावली. परीक्षेत पुस्तकातलं सांगायचं, डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्यानं आण घेतली, पण पुस्तकातलं त्याच्या डोक्यात काही केल्या टिकेना. सकाळी पाठ केलेलं दुपारी साफ. माझा पारा चढायचा, तो "व्हय मास्तर" म्हणायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

फेब्रुवारीत आम्ही दक्षिणेतल्या लहान संस्थानांवर आलो. चौदा नावं. मी ती एका चालीवर म्हणून घेत असे, आणि सांगलीतल्या अर्ध्या कारकुनांना ती माझ्यामुळेच येतात हा माझा अभिमान होता. जोतिबाला सहाव्या नावापुढे जाता येईना. शेवटी तो उठला, परसात गेला आणि कवायत करू लागला. एका पावलाला एक संस्थान. सांगली, थोरली मिरज, धाकटी मिरज, जमखंडी, मुधोळ, असं करत थेट सावनूरपर्यंत चौदा पावलं, एकही चूक नाही. मी तोंडात बोट घातलं. राजमती ओरडत बाहेर आली, कारण परसात पापड वाळत होते आणि जमखंडी-मुधोळमध्ये मिळून आठ गेले होते.

"आवं, ह्यास्नी पास तरी करा, न्हाईतर वाळवण तरी बंद करा," ती मला म्हणाली. जोतिबा मान खाली घालून पापडाचे तुकडे गोळा करत होता.

त्या दिवसापासून सगळा अभ्यास परसात. नद्या धावत, पेशवे सावकाश, प्रांताचा कारभार डावी-उजवी करत. भानगड एकच झाली. पाय हलल्याशिवाय त्याला एक अक्षर आठवेना.

मार्चात संस्थानं विलीन झाली. गावात पेढे वाटले, मीही खाल्ले आणि आनंदही झाला. पण खोटं कशाला बोलू, पेढा तोंडात असतानाच मनात आलं, परीक्षेला जेमतेम महिना राहिला आहे. चार दिवसांनी जोतिबा वाडीहून आला. त्याच्या बोटांना निळा रंग लागला होता.

"मास्तर, आता नवं काय पाठ करू?"

"नवं काही नाही. पुस्तक जुनंच आहे, आणि तपासणाऱ्याच्या हातातही तेच असणार."

"पर ते आता खोटं हाय की."

"असू दे. पास हो, मग पोरांना खरं शिकव." हे बोलताना मला लाज वाटली. पण त्याच्या वाडीची ती रिकामी खोली डोळ्यांपुढून हलत नव्हती.

परीक्षा साताऱ्याला होती. मी बरोबर गेलो, कारण घरी बसून मला चैन पडली नसती. लेखी पेपर पार पडला. बाकाखाली पाय आपटतो म्हणून त्याला दोनदा समज मिळाली, एवढंच. दुसऱ्या दिवशी तोंडी. मी व्हरांड्यात खिडकीला लागून उभा राहिलो.

काळ्या टोपीतले एक वयस्कर परीक्षक होते. त्यांनी नेमकं तेच विचारलं. "दक्षिणेतली लहान संस्थानं सांग."

"साहेब, जाग्यावर पाय हलवले तर चालंल का?"

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मान डोलावली. जोतिबानं चौदा पावलं टाकली, चौदा नावं घेतली. परीक्षकांच्या मिशीत हसू आलं. त्यांनी आकडा लिहिला आणि म्हणाले, "छान. जा." शाळा मिळाली होती. मी खिडकीतून नुसत्या हातानं त्याला बाहेर बोलावत होतो.

जोतिबा हलला नाही.

"साहेब, पुस्तकातलं झालं. आता खरं सांगू?"

मी कपाळावर हात मारला. त्या क्षणी तो माझ्या हाती लागता तर मी त्याला छडीनं मारलं असतं, हवालदार असला म्हणून काय झालं.

परीक्षकांनी टाक खाली ठेवला. "सांग."

"ही चौदाबी आता न्हाईत. आमच्या चावडीवरची पाटी मीच रंगवली. रंग कमी पडला, एकच हात दिला. त्याखालनं संस्थानाचं जुनं नाव अजून दिसतंय."

"मग पोरांना काय शिकवशील?"

"पाटीम्होरं न्हिऊन हुबं करीन साहेब. आदी वरचं वाचाया लावीन, मग खालचं."

परीक्षकांनी कागद पुढे ओढला आणि आधी लिहिलेला आकडा खोडला. मी खिडकीपासून बाजूला झालो. माझ्यानं पुढचं बघवेना.

परतताना सर्व्हिस मोटारीत मी कऱ्हाडपर्यंत त्याच्याशी बोललो नाही. पुढे न राहवून म्हणालो, "आण मोडलीस."

"न्हाई मास्तर. आदी पुस्तकातलं समदं सांगितलं. मगच दुसरं."

जूनच्या सुरुवातीला तो निकालाचा कागद आणि राजमतीसाठी पापडाचं डबडं घेऊन आला, तो थेट तिच्याकडेच गेला. तोंडी परीक्षेला पंचवीसपैकी पंचवीस. आधी किती होते ते खोडलेल्या जागी वाचता येत नव्हतं. मी तो कागद तीनदा वाचला, आणि माझे डोळे भरून आले ते त्या दोघांनीही पाहिलं.

त्याच महिन्यात माझ्या वर्गात संस्थानांचा धडा आला. मी नेहमीची चाल धरली आणि मध्येच थांबलो. पोरांना उठवून पटांगणात नेलं, रांगेत उभं केलं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून चौदा पावलं टाकली. सावनूरला मी थांबलो, पोरं एकमेकांवर आदळली.

"पुढं काय, गुरुजी?" पहिल्या रांगेतल्या गुंडा नावाच्या पोरानं विचारलं.

"पुढचं अजून पुस्तकात आलेलं नाही," मी म्हणालो. "चला, कचेरीवरची नवी पाटी वाचून येऊ."