राजांची जोडी

समोर दोन राजे उघडे पडले होते आणि माझा नवरा बोलत होता.

खरं तर एवढ्यावर थांबायला हरकत नाही. पण खेळ सांगितल्याशिवाय माझा वैताग तुम्हाला कळायचा नाही.

ऑगस्ट १९३८. उत्तनपासून तासभर वल्हवत गेलं की समुद्रात एक जागा लागते. तिथे तळाशी खुंट ठोकून जाळं बांधलं की बोंबील ओहोटीबरोबर आपणहून आत येतात. ही जागा माझ्या सासऱ्यांची की गावातल्याच बस्त्यावच्या काकाची, यावर गावाची बैठक दोनदा बसली आणि दोनदा नुसतीच उठली. शेवटी पाटील म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा."

माझ्या नवऱ्याने, पास्कलने, याचा अर्थ पत्ते असा घेतला. ती रॉबर्टची करणी. रॉबर्ट गावातलाच, आगबोटीवर भटारखान्यात आहे. सुट्टीवर आला तो पोकर शिकून.

रविवारी मिस्सा झाली, जेवणं झाली, तिघे आमच्या ओटीवर बसले. पानं वाटायला रॉबर्ट, खेळायला पास्कल आणि बस्त्याव, दोघांना पन्नास-पन्नास शिंपल्या. ज्याच्या संपतील त्याची जागा गेली. वर्षाचे बोंबील गेले. आमच्या घरात दुसरं काही येत नाही.

नियम. एक पान पालथं, चार एकेक करून उघडी. प्रत्येक उघड्या पानानंतर शिंपल्या लावायच्या किंवा पास म्हणायचं. दुसऱ्याने लावल्या तर तितक्याच टाकायच्या, नाहीतर डाव सोडायचा. आणि ज्याची उघडी पानं मोठी, त्याने आधी बोलायचं.

"ह्यो तोटा हाय बरं," रॉबर्ट म्हणाला. "मागनं बोलणारा तुझं ऐकून ठरवतो."

"तोटा कसला? बोटीवर तांडेल आधी बोलतो, बैठकीत पाटील. मोठ्याचा मान हाय तो."

"ही बोट न्हाय, पास्कल."

"तुला न्हाय कळायचं. तू कांदे कापतंस."

तर, दोन राजे.

पहिला राजा आला तेव्हा पास्कल ओरडला, "पाच!" बस्त्यावने गालातली तंबाखू इकडून तिकडे केली आणि पाच टाकल्या. दुसरा राजा आला. "पंधरा!" बस्त्यावने पंधरा टाकल्या. मग नव्वी. "वीस!" बस्त्यावने वीस टाकल्या. एक शब्द नाही.

मी मागे जाळं विणत बसले होते. मला पास्कलचं पालथं पान दिसत होतं. तिर्री. म्हणजे राजांची जोडी, बस. ती सगळ्या गावाला दिसत होती. तरी हा बस्त्यावच्या गुलामाच्या, अठ्ठ्यांच्या तोंडावर ओरडत होता, जसं जाळं भरलंय आणि ओढायला माणसं कमी पडतायत.

मी त्याच्या पाठीत बोट खुपसलं. "जरा गप बस की."

माझी चूक. हो, माझीच.

शेवटचं पान. पास्कलला चौकी, बस्त्यावला दुर्री. पास्कल तोंड उघडून थांबला, मागे वळला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "मग बोलू का नको?"

"बायकोला विचारतंय!" रॉबर्ट हसला.

पास्कलचे कान लाल झाले. "पास," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा.

बस्त्यावने तंबाखू थुंकली. "धा." उरलेल्या सगळ्या शिंपल्या त्याने पुढे सारल्या.

त्याच्यासमोर दोन अठ्ठ्या, गुलाम, दुर्री. पालथी तिसरी अठ्ठी असेल, किंवा दुसऱ्या गुलामाने नाहीतर दुर्रीने दोन जोड्या होत असतील, तर आमचे राजे मेले. नाहीतर डाव आमचा, जागा आमची. मध्ये आमच्या चाळीस पडलेल्या, हातात दहा. टाक ना बाबा!

"त्याच्याकडं हाय," पास्कल म्हणाला.

"कशावरनं?"

"दुपारभर बोलला न्हाय तो. आता बोलतोय. हातात काय नसताना कोण बोलतं?"

इथे माझं डोकं फिरतं. वीस वर्षांत हा माणूस एकदाही उगाच ओरडलेला नाही. त्याने "ओढा!" म्हटलं की जाळं भरलेलंच असतं. मग जगातला प्रत्येक माणूस तसाच, असं याने धरलं.

त्याने पानं पालथी केली, डाव सोडला.

बस्त्यावने आपलं पान उलटून दाखवलं. गरज नव्हती, पण दाखवलं. छक्की. म्हणजे नुसती अठ्ठ्यांची जोडी.

उरलेल्या दहा शिंपल्या पुढच्या दोन डावांत गेल्या. त्याही पास्कलने ओरडूनच लावल्या.

बुधवारी बस्त्याव दारात उभा. खुंट ठोकायला दोन बोटींची माणसं लागतात, आणि बोलावलं तर नाही म्हणायचं नसतं. "पास्कल, येतंस ना?"

हा गेला. संध्याकाळी आला तो घसा बसवून.

"त्याची पोरं वाकडा ठोकत व्हती," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी नसतो तर..."

"मग ठोकू द्यायचा वाकडा!"

"अगं, जागा केवढी चांगली हाय. तिथं वाकडा खुंट?"

मी त्याच्या गुळण्यांसाठी मिठाचं पाणी चुलीवर ठेवलं. भांडं जरा जोरातच आपटलं.