डाव्या बुटाची नाडी

या, थोडं जवळ सरकून बसा. गोष्ट मोठी नाही. बर्फावर खेळायच्या बुटाच्या नाडीची आहे, आणि ती पाहून गप्प राहिलेल्या एका माणसाची. मन लावून ऐकलीत तर शेवटी एक मागणं मागेन; जड नाही ते.

वरचं भोक रिकामं होतं. डाव्या बुटाचं. पडद्यावर चित्र थांबवलेलं – सामन्याआधी अंग मोकळं करताना एक गुडघा बर्फावर टेकून पुढे वाकलेला खेळाडू, त्याच्या घोट्याच्या वर पांढऱ्या नाडीची गाठ, आणि गाठीच्याही वर, जिथून नाडी ओवलेली असायला हवी होती तिथं, मसुराएवढा काळा ठिपका… ओरेस्ट दानिलुकनं चष्मा काढला, स्वेटरच्या टोकानं पुसला, परत घातला. ठिपका होता तिथंच होता. नऊ दिवसांपूर्वी विनिपेगला, मैदानाच्या काचेशी उभं राहून, तो त्यानं याच डोळ्यांनी पाहिला होता. आणि संघाला पाठवलेल्या अहवालात बाकी सगळं लिहिलं होतं – खांदे, मनगट, नजर, वळणं – फक्त हा ठिपका तेवढा लिहिला नव्हता.

शुक्रवार, सकाळचे साडेनऊ. मुदत दुपारी दोनला संपायची. दोन वाजून गेले की या मोसमात कुणाचीही अदलाबदल नाही. जो जिथं असेल तो तिथंच. म्हणून मार्चमधल्या या दिवशी आमच्या यॉर्कटन गावात न्हाव्याच्या दुकानापासून धान्याच्या कोठारापर्यंत रेडिओ चालू असतात, आणि ज्याला साधं बर्फावर उभं राहता येत नाही तोही सांगतो की कुणाला विकावं, कुणाला ठेवावं. ओरेस्टच्या घरात मात्र रेडिओ बंद होता. त्याचं तर पोटच या सांगण्यावर होतं. पूर्व किनाऱ्यावरच्या एका हॉकी संघाचा तो पारखी. थंडीचे सहा महिने मोटारीत आणि मोटेलांत काढायचे, वरच्या रांगेत इतर पारख्यांपासून चार खुर्च्या सोडून बसायचं, आणि जे दिसेल ते लिहायचं. जे दिसेल ते. पंधरा वर्षं त्याची ख्याती हीच होती.

टेबलावर एक कागद, मधोमध रेघ. उजवीकडे आपण काय द्यायचं – एकोणीस वर्षांचा एक चपळ पोरगा आणि नव्या पोरांच्या पुढच्या निवडीतली पहिल्या फेरीची जागा. डावीकडे एकच नाव. डार्सी पेनर, बचावपटू, वय तेहेतीस. त्याच्या संघानं त्याला गेले दोन सामने धडधाकट असून बाहेर बसवलं होतं. विकायचा माल ऐन वेळी मोडू नये म्हणून असं करतात. पाठीमागं सरकत खेळणारा इतका शांत माणूस आज बाजारात दुसरा नव्हता. पण गेल्या पाच आठवड्यांत त्याच्या बाजूनं आत घुसणारे वाढले होते – आधी तिघांत एक, आता दोघांत एक. आकडेवाले म्हणत होते, जोडीदार बदलला, त्याचा परिणाम. ओरेस्टनंही तसंच लिहिलं. पटण्यासारखं होतं. कुणालाही पटलं असतं… ज्यानं ते भोक पाहिलं नाही त्या कुणालाही.

वरचं भोक मोकळं ठेवतो कोण? ज्याचा घोटा आतून सुजलाय तो. नाडी वरपर्यंत ओढली की कळ मस्तकात जाते, म्हणून एक घर सोडतो. मग बूट थोडा सैल, डावीकडे वळताना पाय अर्धा क्षण उशिरा येतो, आणि समोरचा तेवढ्यात कडेनं निघून जातो. एवढंच. पण हे पुस्तकातून नव्हतं शिकलेलं. हे ओरेस्ट शिकला होता आपल्याच स्वयंपाकघरात…

…सुजेवर बांधायचं कोबीचं पान ओरेस्टची बायको स्तेफा आधी गरम पाण्यात बुडवायची, मग लाटण्यानं त्याच्या शिरा मोडायची. डार्सी तेव्हा सतरा वर्षांचा. विंकलर गावचा, मेनोनाइट पंथाच्या घरातला, लाजाळू. गावच्या संघात हॉकी खेळायला आलेल्या बाहेरच्या पोरांना इथं घराघरांतून ठेवून घेतात, तसा तो या दोघांकडे आला आणि तीन हिवाळे राहिला. यांना मूलबाळ नव्हतं. स्तेफा त्याला दारको म्हणायची, तो तिला मिसेस डी म्हणायचा, आणि बटाट्याचे पिरोगी – उकडलेल्या करंज्याच त्या – मोजून नव्हे, ताट भरून खायचा. त्या दिवशी तो खुर्चीवर पाय ठेवून बसला होता आणि डावा घोटा बीटासारखा लाल झाला होता; शेजारी बूट, वरच्या भोकातून नाडी काढलेला.

‘‘मिस्टर डी, नवा बूट चावलाय नुसता.’’

‘‘असा चावरा बूट मी पाहिला नाही बाबा,’’ ओरेस्ट म्हणाला होता.

‘‘ए, त्याला छळू नकोस,’’ स्तेफा म्हणाली. ‘‘चार दिवसांत उतरेल. आणि बाहेर बोलायचं नाही हं कुणाशी. तुझं तोंड म्हणजे देवळाची घंटा.’’

ओरेस्ट बोलला. तेव्हा तो कोठारावर धान्य तोलायचा आणि संध्याकाळी हौसेनं गावच्या संघाचा सराव बघायचा. प्रशिक्षकानं सहज विचारलं, पेनर डावीकडे वळायला कचरतोय का रे, आणि हा म्हणून गेला – डाव्या बुटाचं वरचं भोक बघा. पोराच्या काळजीनं बोललो, असं त्यानं स्वतःला किती वेळा सांगितलं असेल! काळजी होतीही. पण प्रशिक्षक वळून त्याच्याकडे बघत राहिला, म्हणाला, ‘‘दानिलुक, तुझ्या डोळ्यांना दिसतं रे’’, आणि तेव्हा छातीत जे ऊबदार काहीतरी पसरलं ते काळजीचं नव्हतं. त्या शनिवारी मोठ्या संघांचे तीन पारखी गावात आले होते, खास डार्सीला बघायला. प्रशिक्षकानं डार्सीला खेळवलं नाही; तो कोट घालून प्रेक्षकांत बसला. निवडीत दुसऱ्या फेरीत जायचा तो सहाव्या फेरीत गेला, आणि मोठ्या संघात पोचायला त्याला सहा वर्षं लागली. ओरेस्टला मात्र त्याच प्रशिक्षकाच्या शिफारशीवर पुढच्या वर्षी पारख्याची नोकरी मिळाली. स्तेफा अकरा दिवस बोलली नाही. बोलली ती कोबीशी, लाटण्याशी, चुलीशी.

डार्सी मात्र कधी काही म्हणाला नाही. उलट दरवर्षी सात जानेवारीला, जुन्या पंचांगाप्रमाणे येणाऱ्या आमच्या नाताळाला, जिथं असेल तिथून त्याचा फोन. आमच्या पूर्वजांच्या बोलीतलं ख्रिस्तजन्माचं अभिवादन तो असं काही चिरडून म्हणायचा की स्तेफा हसून हसून खाली बसायची – ‘‘अरे दारको, येशू परत गोठ्यात जाईल ना!’’

दीड वर्षापूर्वी स्तेफा गेली, पानगळीत. त्या जानेवारीत फोन वाजला. त्याचाच. ओरेस्ट पुढ्यात उभा होता, हात कोरडे, काम काही नाही. ते चिरडलेलं अभिवादन आता आपल्या कानावर येणार, आणि हसणारं कुणी नाही… नऊ वेळा वाजला. त्यानं मोजलं. पुढच्या जानेवारीत वाजला नाही.

फोन वाजला. हा आजचा, आताचा. ओल्हा साव्चिन – चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकाची मुखत्यार.

‘‘ओरेस्ट, जिवंत आहेस ना? की मुदत संपली?’’

‘‘दोनपर्यंत आहे.’’

‘‘मग चारपर्यंत यादी आणून दे. सगळ्यांच्या आल्या, तुझी तेवढी राहिलीय. संध्याकाळी डीकननं काय गायचं, तुझ्या खेळाडूंची नावं?’’

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत शुक्रवारी आमच्याकडे गेलेल्यांची नावं गातात. प्रत्येक घरानं आपली यादी द्यायची, डीकन, म्हणजे पाद्रीबुवांचा मदतनीस, एकेक नाव सुरात घेतो, सगळी मंडळी वरच्या-खालच्या ओळींत साथ धरते. नाव गायलं गेलं की ते माणूस एवढा वेळ आपल्यात उभं असतं, असं आमची म्हातारी माणसं सांगत आली. आणि यादीत नसलेलं नाव कुणी गात नाही. डीकनला माहीत असलं तरी.

‘‘मागच्या वर्षीचीच घे की,’’ ओरेस्ट म्हणाला.

पलीकडे भांडी वाजली. मग ओल्हाचा आवाज, थोडा खाली. ‘‘मागच्या वर्षी चार नावं होती. आई, बाप, भाऊ, काका. मला मोजता येतं, ओरेस्ट. तीस वर्षं माझ्या शेजारी उभी राहून गायली स्तेफा. दाराशी ताटकळली असेल रे ती बाई, आणि तिचा नवरा म्हणतोय मागच्या वर्षीचीच घे.’’

ओरेस्टनं टेबलावरच्या कागदाची कड बोटानं सरळ केली.

‘‘पिरोगी ठेवलेत तुझ्यासाठी. बटाट्याचे. ये,’’ म्हणून तिनं फोन ठेवला.

पावणेएकला लेन तासेचा फोन. संघाचा मॅनेजर, वयानं धाकटा, आवाज रात्रभर जागल्यासारखा.

‘‘ओरेस्ट, त्यांनी हो म्हटलंय. आपला पोरगा आणि पहिली फेरी. महाग आहे. पण तुम्ही लिहिलंय म्हणून करतोय, हे लक्षात असू द्या. डॉक्टर नंतर बघतील, ते काय, चालता आलं म्हणजे पास. काही सांगायचं राहिलंय का?’’

आता. सांगायचं असलं तर आता. खिडकीबाहेर अंगणातला बर्फ कडेनं करडा पडला होता. सांगितलं तर डार्सी त्याच हरणाऱ्या संघात राहील. तेहेतीस वर्षांचा माणूस, करंडकाला हात लावायची ही शेवटची संधी – आणि दुसऱ्यांदा ती मीच हिरावून घेणार, त्याच एका भोकापायी. नाही सांगितलं तर एकोणीस वर्षांचा एक पोरगा सुजलेल्या घोट्यासाठी दिला जाईल…

‘‘नाही,’’ ओरेस्ट म्हणाला. ‘‘अहवालात आहे सगळं.’’

‘‘बरं. मग आपला नेहमीचा रिवाज. ज्यानं शिफारस केली त्यानं पहिला फोन करायचा खेळाडूला. तयार राहा. सौदा दोनच्या आत होईल.’’

फोन ठेवल्यावर त्याला जाणवलं की आपण उभे आहोत, आणि मनातल्या मनात वाक्य जुळवतोय. डार्सी, मिस्टर डी बोलतोय. अभिनंदन. पाय कसा आहे? नको, पायाचं नको. जेवतोस ना नीट? आणि मग सहज, अगदी सहज – त्या जानेवारीत फोन घेता आला नाही बघ… हे वाक्य नवं नव्हतं. घासून गुळगुळीत झालेलं होतं. कधीपासून म्हणतोय मी हे? काल? त्यानं मागं मागं जाऊन बघितलं, एकेक दिवस सोलत, आणि तो विनिपेगच्या त्या काचेपाशी येऊन थांबला. भोक दिसलं त्याच क्षणी हे वाक्य आलं होतं. डार्सीवर दया आली म्हणून ठिपका गाळला नव्हता. गेल्या वेळचं पाप फेडायचं म्हणूनही नाही. या घरात संध्याकाळी कुणी बोलत नाही, म्हणून. फोन करायला कारण हवं होतं. त्या कारणापायी एक एकोणीस वर्षांचं पोर आणि एक दुखरा पाय, दोन्ही मी तराजूत घातले, आणि वर पुन्हा वाटून घेतलं की स्तेफाला बरं वाटेल.

त्या वेळी बोललास ते स्वतःसाठी, या वेळी गप्प राहिलास तेही स्वतःसाठी… हे स्तेफा म्हणाली असती का? नसती. ती कोबीच्या शिरा मोडत राहिली असती. ते जास्त वाईट.

दीड वाजता त्यानं तासेला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, लागला नाही. एक चाळीसला निरोप ठेवायची शिट्टी वाजली आणि ओरेस्टनं खुर्चीची पाठ धरली.

‘‘लेन, ओरेस्ट बोलतोय. पेनरच्या डाव्या बुटाचं वरचं भोक मोकळं आहे. घोटा असणार. जोडीदाराचं काही नाही. नऊ दिवसांपूर्वी पाहिलं होतं. लिहिलं नाही, कारण…’’ कारण सांगायला निरोपात जागा किती असते कोण जाणे. ‘‘कारण मला त्या मुलाला फोन करायचा होता. बाकी काही नाही. आता तुम्ही ठरवा.’’

तासे तो ऐकणार दोनच्या आत, की नंतर, की ऐकून म्हणणार म्हातारा बिथरला – कळायला मार्ग नव्हता. रेडिओ हाताच्या अंतरावर होता. त्यानं तो लावला नाही. दोनच्या आत डार्सीला फोन करणं नियमात बसत नव्हतं. दोननंतर बसत होतं. तो कुठल्याही संघात असला तरी बसत होतं. गेल्या जानेवारीतही बसलं असतं. ही एवढी साधी गोष्ट त्याला जणू कुणी आता येऊन हातात ठेवली, आणि ती इतकी हलकी होती की तिचाच भार वाटला. आधी तासेला ठेवलेल्या निरोपाबद्दल सांगायचं, पाठीमागं नाही, तोंडावर. शिव्या देईल. देऊ दे. शिव्या म्हणजेही कुणीतरी बोलणंच.

रेघ मारलेला कागद त्यानं उलटा केला. मिखाइलो. पाराश्का. इवान. काका प्रोकिप. पेन्सिल थांबली. टोक बोथट झालं होतं. त्यानं ते तासलं नाही. तसंच टेकवलं आणि लिहिलं – स्तेफानिया – सावकाश, एकेक अक्षर वेगळं, जसं बुटाला नाडी ओवावी, खालून वर, एकही घर न सोडता.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून गेले तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण गुणगुणतोय. संध्याकाळचीच चाल. पण आपली वरची ओळ नव्हे. खालची, बायकांतली, स्तेफाची. ती जिथं श्वास घ्यायची तिथं तो श्वास घेत होता, आणि वरची ओळ धरणारा तो स्वतःच खोलीत नसल्यासारखा, तिच्यासारखी मान कलती करून, कान देऊन थांबत होता. दुसऱ्या हातात फोन होता. आकडे त्याला पाठ होते.

तर मंडळी, मागणं आता मागतो. आज तिन्हीसांजेला दिवा लावाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा त्यांच्या मागोमाग एक परकं नाव घ्या. स्तेफानिया. कोबीच्या शिरा मोडायची ती. सूर आला नाही तरी चालेल. नाव तेवढं गाळू नका.