बेचाळीस गाड्यांवरचं पोट

"साहेब, आज तुमच्या हातची एक होऊन जाऊ द्या," म्हणत धोपट्यानं लांब दांड्याचा ओला ब्रश माझ्या हातात दिला. गाडी धुलाईच्या रॅम्पवर उभी होती. तिच्या मागच्या बाजूला, काचेखाली, एका माणसाचं उघडं पोट चिकटवलेलं होतं. नुसतं पोट. वर छातीचा थोडा भाग, खाली पँटचा पट्टा आणि शेजारी मोठ्या अक्षरांत 'हे घेऊन किती दिवस फिरणार?' मी ब्रश उचलला आणि त्या पोटावर सणसणीत एक लगावला. पाणी उडालं, चारही धुणारे खो खो हसले आणि ड्रायव्हरनं गाडी बाहेर काढली.

मागच्या जाहिरातीला ब्रशचा एक फटका दिल्याशिवाय आमच्या बस आगारात धुलाईवाले गाडी सोडत नाहीत. हे कधी सुरू झालं कोणाला ठाऊक. मी इथं हेड मेकॅनिक, सव्वीस वर्षं झाली, आणि धुलाई माझ्याच हाताखाली येते. जाहिरातीत माणूस असेल तरच फटका बसतो. टायर किंवा रंगाचा डबा असेल तर कोणी ब्रश उचलायचे कष्ट घेत नाही. बाई असेल तर दोन बसतात.

ती पोटाची जाहिरात लागल्याच्या चौथ्या दिवशी एक गाडी ब्रेकच्या कामाला आत आली. काम उरकून मी खड्ड्यातून वर आलो तो तिची मागची बाजू थेट नाकासमोर. नाभीच्या उजवीकडे भाजल्याचा डाग दिसला, एका टोकाला वाकलेला. तो डाग मी रोज अंघोळ करताना बघतो. रेडिएटरचं झाकण उघडताना वाफेनं भाजलो होतो, त्याचा. जखम शर्टाखालची, त्यामुळं आगारात तो कोणी पाहिलेला नाही.

आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी जवळ गेलो. पोट माझंच होतं, पण माझ्यापेक्षा मोठं. कोणीतरी कॉम्प्युटरवर बसून ते फुगवलं होतं, केस दाट केले होते, कातडीला कावीळ झाल्यासारखा रंग दिला होता. शेजारी 'नंतर'चा फोटो. ते पोट सपाट, चकचकीत, आणि भलत्याच कोणाचं तरी. त्यालाही डोकं नव्हतं. त्या बापड्यानं एवढी मेहनत केली आणि त्याचीही मान उडवली. मला स्वतःचाच भयंकर संताप आला. तीन दिवस मी स्वतःच्या पोटावर फटके मारून हसत होतो.

घरी आलो तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"गाड्यांवरचं ते पोट बघितलंस?" मी विचारलं.

"सोमवारीच. बाजारातून येताना गाडी पुढ्यात उभी होती."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? डोक्यात राख घालून बसला असतात."

जाहिरात ज्यांची होती त्या वजन उतरवणाऱ्या सेंटरवर दोन महिन्यांपूर्वी तिनंच मला नेलं होतं. मोफत तपासणी होती. तिथल्या मुलीनं शर्ट काढायला लावला, भिंतीशी उभं केलं, समोरून आणि बाजूनं फोटो घेतले. 'फाइलसाठी आहेत, काका,' म्हणाली. एका कागदावर सही घेतली. मी काही पुन्हा तिकडं फिरकलो नाही.

"चेहरा नाहीये ना पण," बायको म्हणाली. "कोणाला कळतंय?"

"तुला कळलं."

"मला कळणारच." तिनं हातातला शर्ट बाजूला ठेवला. "आणि एक सांगू? धाकटीच्या वेळी मी बाळंतपणातून उठले, तेव्हा तुम्ही तुमच्या बहिणीसमोर माझ्या पोटाला काय म्हणाला होतात, आठवतंय? मला आठवतंय. मी समोरच बसले होते. मला तर चेहरा पण होता."

मला आठवलं. म्हणून मी आणखीच चिडलो, ताटावरून अर्धवट उठलो आणि तिच्याशी रात्रभर बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून सेंटरवर गेलो. त्यांनी हात वर करून मला जाहिरात कंपनीकडं पिटाळलं. तिथला साहेब माझ्या थोरल्याच्या वयाचा, दाढी कोरलेली, बोलणं मधासारखं. त्यानं मला बसवलं, पाणी मागवलं आणि माझ्या सहीचा कागद कॉम्प्युटरवर उघडून दाखवला.

"सही तुमचीच ना, काका?"

"माझीच. फाइलसाठी म्हणून घेतली होती."

"खाली लिहिलंय सगळं." खाली मुंगीएवढी अक्षरं होती. "आणि चेहरा कुठं दाखवलाय आम्ही?"

"चेहरा दाखवला असतात तर निदान माणूस तरी दिसलो असतो," मी म्हणालो.

तो हसला. मनापासून हसला, त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. "खरं सांगू का? आधी बाईचंच पोट टाकणार होतो. पण हल्ली बायकांचं काही लावलं की लगेच तक्रारी येतात. पुरुषाचं लावलं की कोणी हूं का चूं करत नाही. तुम्ही पहिलेच आलात."

"मग घ्या माझी तक्रार."

"घेतली ना." त्यानं काहीच लिहिलं नव्हतं. "महिनाअखेरपर्यंत करार आहे. नंतर निघेलच."

"चाळीस गाड्यांवर आहे ते."

"बेचाळीस," त्यानं दुरुस्त केलं.

निघताना त्याच्या भिंतीकडं लक्ष गेलं. कंपनीनं केलेल्या जाहिराती चौकटीत लावलेल्या होत्या. एका चपलेसाठी एक पाय, साबणासाठी पाठ, कुठल्याशा रंगासाठी ओठ, घड्याळासाठी पुरुषाचा केसाळ हात. खाटकाच्या दुकानात टांगतात तसं सगळं सुटं सुटं. मी जिना उतरताना त्याला आणि त्याच्या दाढीला मनसोक्त शिव्या दिल्या, पण मनातल्या मनात.

त्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या धुलाईवाल्यांना गोळा केलं. "आजपासून फटका बंद," म्हटलं.

"का हो साहेब?" धोपट्यानं विचारलं.

"मी सांगतो म्हणून."

"पोटाला लागतं होय?" कोणीतरी मागून म्हणालं आणि सगळे हसले. मी केबिनकडं वळलो, तोच पाठीमागं फटक्याचा आवाज आला.

केबिनमध्ये कंडक्टरबाई दाराची तक्रार लिहायला आल्या होत्या. त्यांच्या गाडीचं मागचं दार बसत नव्हतं. आगारातल्या सगळ्यांत जुन्या त्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "फटका आत्ता बरा बंद करावासा वाटला?"

"म्हणजे?"

"नऊ वर्षांपूर्वी माझ्या गाडीवर साबणाची जाहिरात होती. बाईची. खांद्यापासून मांडीपर्यंत, वर-खाली काही नाही. हे लोक रोज तिला कुठं मारायचे ते तुम्हाला माहीत आहे. मी तुमच्याकडं आले होते, याच खुर्चीसमोर. तुम्ही म्हणालात, बाई, कागद आहे तो, कागदाला काय लागतंय? आणि बाहेर त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालात."

खरं सांगतो, मला त्यातलं अक्षर आठवत नव्हतं. त्यांना मात्र खुर्ची कुठली तेसुद्धा आठवत होतं.

"ते पोट माझं आहे," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. बायको सोडून हे कोणाला सांगितलं नव्हतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. दुसऱ्या कोणीही पहिल्यांदा माझ्या पोटाकडं बघितलं असतं. त्यांनी नाही बघितलं.

"मग सांगा त्यांना."

"हसतील."

"हसतीलच. मी सांगितलं तेव्हा पण हसले. त्यानंतर वर्षभर फटका मारताना माझं नाव घ्यायचे. तुम्ही इथंच असायचा."

"चुकलं माझं."

"हो," बाई म्हणाल्या. मग दाराची तक्रार पुरी लिहिली, सही केली आणि वही माझ्यापुढं सरकवून निघून गेल्या.

सव्वीस वर्षं या माणसांसमोर मी कधी साधी वरची गुंडी उघडी ठेवून वावरलो नव्हतो. एकदा सांगितलं की उद्यापासून मी हेड मेकॅनिक राहणार नाही, पोटच होणार, हे दिसत होतं. आणि नाही सांगितलं तर महिनाअखेरपर्यंत केबिनमध्ये बसून फटके मोजायचे.

रॅम्पवर पुढची गाडी लागली होती. धोपट्यानं ब्रश उगारला होता.

"थांब," म्हटलं. शर्टाच्या गुंड्या काढल्या, बनियन वर केलं आणि गाडीच्या मागं, त्या फोटोला लागून उभा राहिलो. "आधी इकडं बघ. मग तिकडं बघ."

एकजण हसायला गेला आणि डाग बघून थांबला. वाऱ्यानं उघडं अंग शहारलं. मी पोट आत ओढलं नाही.

"आता मार की. मघाशी मारलास तसा."

धोपट्यानं ब्रश भिंतीला टेकवला. "आम्हाला काय माहीत साहेब, तुमचं आहे ते."

"माझं नसतं तर?"

पाइपमधून पाणी गळत होतं. मी शर्ट घातला, गुंड्या लावायला जरा वेळ लागला, आणि आत निघून गेलो. हसण्याचा आवाज येतो का म्हणून कान देऊन बसलो होतो. आला नाही.

त्यानंतर फटका बंद झाला, पण नवीनच प्रकार सुरू झाला. गाड्या धुऊन निघायच्या, काचा लख्ख, पत्रा लख्ख, आणि मागं पोटाचा तेवढा चौकोन मळका. रोज त्यावर चिखलाचा एकेक थर चढत होता. आठवड्यानं आगारप्रमुखांनी मला बोलावून झापलं, की तुमच्या माणसांना मागची बाजू दिसत नाही का. मी तणतणत रॅम्पवर गेलो.

"अर्धी गाडी धुता काय रे? ते कोण पुसणार?"

धोपट्या जमिनीकडं बघत म्हणाला, "हात कसा लावायचा साहेब? आता माहीत झालंय."

मला याचाही रागच आला. आधी मारत होते, आता शिवत नव्हते. मी बाह्या वर केल्या, बादलीतलं फडकं पिळलं आणि पोट पुसायला घेतलं. वाळलेली माती निघता निघेना. साबण लावला, वरून खाली फडकं फिरवलं, नाभीपाशी साचलेलं बोटानं काढलं, डागाभोवती हळू पुसलं. चौघं उभे राहून बघत होते.

"पाणी सोड," मी म्हणालो.

धोपट्या पाइप घेऊन पुढं आला. त्याच्या पाण्याला एरवी असा जोर असतो की पत्र्याचा रंग उडावा. तो दोन पावलं मागं गेला, वाकून नळ अर्ध्यावर आणला आणि मग पाणी सोडलं. मी फडकं परत पिळलं आणि पुढची गाडी घ्यायला सांगितली. अजून एकेचाळीस बाकी होत्या.