बिनकढईचे झाकण

मित्रांनो, मी एक जुने झाकण आहे. माझी कढई केव्हाच मोडीत गेली, मी तेवढे मागे राहिले.

एका कारागिराने मला जाड लोखंडी पत्र्यातून गोल कापले, ठोकून मधोमध जरासे फुगवले आणि वर मूठ बसवली. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी कामाला लागले. तिथल्या मुख्य स्वयंपाकीणबाईंचा माझ्यावर फार जीव. "बाकी भांडी कोणीही घ्या, ह्याला हात लावायचा नाही," असे त्या बजावत. तापल्या तेलासमोरून त्या कधी हलत नसत. कोणी हाक मारली तरी जागेवरूनच ओ देत.

पुढे कॅन्टीन बंद पडले. निरोपाला मिळालेली शाल बाईंनी कोणालातरी देऊन टाकली, पण मला मात्र काखोटीला मारून घरी आणले. गुडघे दुखू लागले तशा त्या भाच्याकडे राहायला गेल्या. भाचा बसचा ड्रायव्हर, त्याची बायको शाळेत शिक्षिका. दोघेही मायाळू. घरातली सगळी त्यांना आत्या म्हणत.

त्या घरात मी कुठल्याच भांड्याला बसेना. सगळ्यांपेक्षा मीच मोठे! शेवटी स्वयंपाकघराचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला दाराशी टेकवून ठेवले. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागे. मला वाईट वाटायचे. आत्यांचेही तसेच झाले होते. त्या ओट्यापाशी गेल्या की भाचेसून प्रेमानेच म्हणे, "आत्या, खूप केलंत आयुष्यभर. तुम्ही बसा आता." मग त्या दाराजवळच्या खुर्चीत, माझ्याशेजारी येऊन बसत.

सुट्टीचा पहिला दिवस होता. सगळे नातेवाईक जेवायला यायचे होते. चारही शेगड्या पेटल्या होत्या. भाचा हौसेने बटाट्याचे काप तळायला उभा राहिला.

"अरे, कढई काठोकाठ भरलीस. थोडं तेल काढ," आत्या म्हणाल्या. "आणि तो पुसायचा कपडा उचल तिथून."

त्याने कपडा उचलला, तेल मात्र तसेच ठेवले. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत त्याचा फोन वाजला.

"गॅस बंद करून जा!"

"आत्या, एका मिनिटात काय होतंय?" म्हणत तो गेला. भाऊ रस्ता चुकला होता, त्याला वळणे समजावण्यात त्या मिनिटाची किती मिनिटे झाली कोण जाणे. सून गच्चीत पंगतीसाठी सतरंज्या घालत होती.

तेलातून निळसर धूर निघू लागला. आत्यांनी दोनदा हाका मारल्या, पण बाहेरच्या गलबल्यात त्या विरून गेल्या. त्या खुर्चीचा हात धरून उठल्या मात्र, भप्पकन कढई पेटली. ज्वाळा वरच्या फळीला चाटू लागली.

भाचा धावत आला आणि त्याने सरळ पाण्याची बादली उचलली.

"पाणी नको!" आत्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की तो जागीच थिजला. "जळतं तेल घरभर उडेल! ठेव ती खाली! सगळ्यांना बाहेर काढ!"

त्यांनी वाकून मला उचलले. कितीतरी वर्षांनी तो हात माझ्या मुठीला लागला. मला ढालीसारखे पुढे धरून त्या लंगडत ओट्याशी गेल्या आणि अलीकडच्या काठावरून मला कढईवर हळूच सरकवले. माझा पत्रा चटचटला. कडेने दोन जिभा बाहेर आल्या आणि विझल्या. लगेच त्यांनी चारही बटणे फिरवली.

भाचा परत आला. "विझलं का? बघू?" त्याने हात पुढे केला.

"खबरदार! उघडलंस तर पुन्हा भडकेल. गार होऊ दे."

मग सर्वांचे लक्ष त्यांच्या भाजलेल्या मनगटाकडे गेले. सुनेने नळ सोडून त्यांचा हात खाली धरला आणि ती रडू लागली. भाचा मान खाली घालून म्हणाला, "आत्या, चुकलंच माझं."

"चालती बस सोडून फोन घ्यायला उतरतोस का रे?"

तो काळवंडलेल्या फळीकडे पाहत राहिला.

मी दीड-दोन तास तसेच कढईवर बसून होते. पाहुण्यांनी ब्रेड आणि काकड्या खाल्ल्या. सुट्टी संपायच्या आत सुनेने ओट्याच्या बाजूच्या भिंतीवर एक खिळा ठोकला, शेगडीच्या ज्वाळेवरून हात न्यावा लागणार नाही अशा बेताने. आता मी तिथे असते. आत्यांची खुर्चीही ओट्याजवळ आली आहे, आणि तळण असले की सून आधी विचारते, "आत्या, तेल बरोबर आहे ना?"

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे एखादे बिनउपयोगाचे, कढईपेक्षा मोठे झाकण नक्की असेल. मोठ्यांना सांगून ते आजच शोधा आणि हाताशी ठेवा. तेल पेटले तर तुम्ही मुलांनी मात्र जवळ जाऊ नका, ओरडून मोठ्यांना बोलवा आणि घराबाहेर पडा. झाकण कुठे ठेवले हे आठवेपर्यंत आग तुमच्यासाठी थांबत नाही.