रिठ्याचा फेस

"बाबा, ही तर आई आहे!"

रिठ्याच्या पाण्यातून मूर्ती वर काढताना लेकीचे, वेनिंगचे, हात तिथेच थांबले. सेमार होता तो, वीतभरही नसलेला, चांदीचा. सावल्यांच्या खेळातला विदूषक; मुळात स्वर्गातला देव, पण अर्जुनाच्या घरी नोकर होऊन राहिलेला. ढेरपोट्या, धड पुरुष नाही की बाई नाही. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, हे त्याचं ठरलेलं रूप. कोतागेदे या चांदीकारांच्या गावात, घराच्या ओसरीवर तिच्या बापाने, दार्सोनोने, चाळीस वर्षं सेमार घडवले. हा मात्र हसताना खालचा ओठ डावीकडे ओढत होता.

"काहीतरीच काय! सेमारच आहे."

दार्सोनोने चष्मा लावला आणि मूर्ती उजेडात धरली. त्याची बायको सुमियाती अशीच हसायची. त्याची प्रत्येक मूर्ती रिठ्याच्या पाण्यात तीच धुवायची. फेस डोळ्यांत गेला की डोळे चोळत, हसत हसत त्यालाच शिव्या घालायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. ओळखपत्रावरच्या एकुलत्या एक फोटोत ती हसलेली नव्हती.

"हा ठेवूनच घ्या. पाक पानुतना दुसरा करून द्या."

"या हातांनी?" त्याने थरथरते हात पुढे केले.

दुपारी मूर्ती न्यायला पानुत आले; सगळे त्यांना आदराने 'पाक' म्हणत. सावल्यांच्या बाहुल्या नाचवून सगळ्या मुलखाला हसवलेला हा माणूस. गळ्याच्या ऑपरेशननंतर नुसती कुजबुज उरली होती. मूर्ती फडक्यात गुंडाळून दार्सोनोने मांडीशी घट्ट धरली होती. नाही म्हणायचं, हे त्याने पक्कं केलं होतं.

"दडवतोस काय, दार्सो? कोंबडी चोरलीस का कुणाची?" पानुत कुजबुजले. "बघू दे की. याचा आवाज जन्मभर मी काढला. आता निदान समोर तरी असू दे."

फडकं सुटलं. पानुतनी मूर्ती तळहातावर घेतली, बराच वेळ पाहिली, आणि त्यांचे खांदे गदगदू लागले. ते हसत होते. आवाज तेवढा नव्हता.

"वर्षभरात पहिल्यांदा हसलो रे," डोळे पुसत ते म्हणाले.

मूर्तीकडे गेलेला हात दार्सोनोने मागे घेतला.

"काळी पडली तर बाजारची पावडर लावू नका, पाक. रिठ्यानेच धुवा. फक्त फेस डोळ्यांत जाऊ देऊ नका."

"चांदीच्या डोळ्यांत?"

"झोंबतो," दार्सोनो म्हणाला, आणि मूर्ती फडक्यात पुन्हा नीट गुंडाळून त्याने त्यांच्या हातात दिली.