काखेतली नस

डॉक्टरीणबाईंनी आईचा उजवा हात कोपराशी धरून वर उचलला. पंजा मनगटातून खाली लोंबला, मान टाकलेल्या पाखरासारखा.

"आता मनगट वर उचला."

मुलीने ते खुणांनी आईला सांगितलं. आई जन्मापासून बहिरी. हातांनी बोलायची आणि समोरच्याचे ओठही बरेचसे वाचायची. तिने दात आवळले. खांदा कानाला जाऊन भिडला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. पंजा होता तिथेच राहिला.

"कुबड्या कुणी दिल्या?"

"मी," दाराशी उभा असलेला मामा म्हणाला. "ओळखीच्यांकडे पडून होत्या. का हो?"

"उंच आहेत." बाईंनी आईच्या काखेत चार बोटं घातली. "मानेकडून येणाऱ्या नसांचा जुडगा इथून दंडात उतरतो. पुढून आणि मागून स्नायूंच्या भिंती आहेत, पण खालून सगळं उघडं. यातली एक नस दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून खाली जाते. मनगट आणि बोटं वर उचलणं हे तिचं काम. कुबडी रोज तिच्यावर बसली की ती मुकी होते. खरं म्हणजे भार तळहातांवर द्यायचा असतो. यांना सांगा की—"

आईने डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. बाई दचकून तिच्याकडे वळल्या. आईने स्वतःच्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं: इकडे बघून बोला.

बाईंनी खुर्ची सरकवून घेतली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, आईकडे बघत. आईने डाव्या हाताने उत्तर दिलं. अक्षर गिचमिड व्हावं तशा त्या खुणा होत्या; मुलीला एकेक लावून बघावी लागत होती.

आई छापखान्यात बांधणीच्या टेबलावर काम करायची, छापून आलेल्या कागदांना घड्या घालायची. घोट्याचं हाड मोडून पायाला प्लास्टर बसलं, तरी आठवड्याच्या आत ती कामावर हजर झाली होती. उभ्या उभ्या दोन्ही कुबड्या काखेत रोवायची, अंग त्यांच्यावर टांगायचं आणि हात मोकळे सोडायचे. उजवीकडे वाकून कागद ओढायचा, म्हणून उजव्या काखेवर भार जास्त.

"घड्या काय काखेने घालू?" असं ती विचारत होती.

"कामात हात मोकळे लागतात, म्हणून तसं होत असेल," मुलगी बाईंना म्हणाली.

नस तुटलेली नव्हती, चेपली होती. काही आठवडे लागतील, कदाचित काही महिने. मनगटाला आधाराची पट्टी बांधायची आणि कुबड्या आजच्या आज आखूड करून घ्यायच्या, असं बाईंनी सांगितलं.

"तोवर बोलू कशाने?" आईने विचारलं.

मुलीने प्रश्न सांगितला. बाई लिहिता लिहिता थांबल्या. "डावा आहे ना?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि पेनाचं टोपण लावू लागल्या.

घरी आल्यावर मामाने कुबड्या खालच्या भोकांत बसवल्या, स्क्रू करकचून आवळले, आणि हात पुसत म्हणाला, "आता ताई माझ्याकडे. गॅरेजच्या वरची खोली रिकामीच आहे. खाली मी दिवसभर असतो. छापखान्याला काय ते मी कळवतो. चिमणे, सांग तिला."

मुलीला लहानपणी अखंड बडबडीमुळे मिळालेलं हे नाव. आईचं बोलणं जगाला आणि जगाचं आईला सांगता सांगता तिचं तोंड कधी मिटलंच नव्हतं. लोकांच्या जिभेला हाड नसतं, आईच्या बोटांना नव्हतं. घरमालकाला ती ढेरपोट्या म्हणायची, तेव्हा चिमणी सांगायची, "आई नमस्कार म्हणते." शाळेतल्या बाईंना ती म्हणायची, तुम्हाला शिकवता येत नाही, चिमणी सांगायची, "आई म्हणते, लक्ष असू द्या." अशानेच घर टिकलं, शाळा टिकली. निदान चिमणीला तरी तसं वाटायचं.

आता तिची नोकरी दुसऱ्या गावी होती आणि रजा संपत आली होती. मामाच्या बेतात तिला काही वावगं दिसलं नाही. तिने तो आईला सांगितला. वर, बरं होईल, असंही स्वतःचं जोडलं.

आईने कुबड्या भिंतीला टेकवल्या. खुर्चीत बसली, लोंबता हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने बोलायला लागली. खुणा अडखळत होत्या, उलट्या पडत होत्या. जिथे दोन हात हवेत तिथे ती डावा हात लुळ्या पंजावर आपटत होती. बोटं थांबली तिथे दंड बोलत होता, खांदा बोलत होता. कपाळावर घाम आला तरी ती थांबेना.

मामा टक लावून बघत होता.

आई थांबली. चिमणीने घसा साफ केला.

"ती म्हणते, विचार करून सांगते."

"असं नाही म्हणाली ती."

मामाने मान खाली घातली. नखातलं काळं ग्रीस खरवडत तो म्हणाला, "ती म्हणाली, मेले तरी तुझ्या गॅरेजच्या माळ्यावर येणार नाही. मला तिथे डांबशील आणि गावभर सांगत फिरशील की बहिणीला सांभाळतो. हात लुळा पडलाय, डोकं नाही. परवा कामावर जाणार." मग चिमणीकडे बघत तो म्हणाला, "आणि हिला गाडी पकडायची घाई आहे, म्हणून ही नंदीबैलासारखी मान हलवतेय. हे तुझ्याबद्दल."

चिमणीचे कान तापले. "तुला कसं कळलं? तुला खुणा कुठे येतात?"

"येत होत्या. पाळण्यातून उतरलो तो हिच्यासमोरच बसलो. तिचा उजवा हात हलला की माझा डावा हलायचा, आरशासारखा. नंतर शाळेत पोरं हसायला लागली, मग सोडल्या." त्याने नखं पँटला पुसली. "तिचं नेहमीचं भरभर बोलणं मला आता लागतच नाही. पण अशी सावकाश, डाव्या हाताने बोलली ना, तर ते माझ्याच हातासारखं."

आई दोघांचे ओठ बघत होती. तिने चिमणीच्या खांद्याला हात लावला आणि विचारलं, "तू त्याला काय सांगितलंस?"

चिमणीचे हात वर आले. हवेत तसेच राहिले.

मामाने स्टूल ओढलं आणि आईच्या पुढ्यात, गुडघ्याला गुडघा लागेल असा बसला. डावा हात उचलला. बोटं जाड, ताठरलेली. पहिली खूण त्याने चुकीची केली. आईने त्याचं बोट पकडून नीट केलं. त्याने पुन्हा केली. गाडी, सकाळ, छापखाना, इतकं चिमणीला कळलं: तो तिला कामावर सोडायला येणार होता. आईने मूठ झटकली: नाही. त्याने पुन्हा तेच केलं, जास्त जोरात. मग आईने काहीतरी असं दाखवलं की पन्नाशीतला तो माणूस कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला, आणि त्यानेही उलट काहीतरी दाखवलं. त्यावर आईच्या घशातून एक मोठा, बेसूर आवाज बाहेर पडला. हसण्याचा.

त्या खुणा चिमणीने कधी पाहिल्या नव्हत्या.

"काय म्हणाली?" तिने विचारलं.

मामाने मान वळवली नाही.

"आमचं आहे ते," तो म्हणाला.